पायावरच्या आणि चेहऱ्यावरच्या स्पायडर व्हेन्स: सुई कुठे, लेझर कुठे आणि का

मांडीच्या बाहेरच्या बाजूला जांभळ्या-निळ्या बारीक रेषांचं जाळं दिसायला लागतं, नाकपुडीच्या कडेला लाल धाग्यासारखी एखादी शीर दिसते, आणि आपण दोन्हीला एकच नाव देतो, स्पायडर व्हेन्स. नाव एक म्हणजे इलाजही एकच असणार असं वाटणं साहजिक आहे, मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं, की लेझर म्हणजे नवीन आणि इंजेक्शन म्हणजे जुनं, मग पाय असो नाहीतर चेहरा, लेझरच करून घ्यावं. पण पायावरची शीर आणि चेहऱ्यावरची शीर वेगवेगळ्या कारणाने फुगते, वेगवेगळ्या खोलीवर असते, आतल्या रक्ताचा दाबही वेगळा असतो. म्हणून बहुतेक वेळा पायाला आधी सुई आणि चेहऱ्याला आधी लेझर असा हिशोब निघतो. तो तसा का निघतो हे कळलं की डॉक्टरांना काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

आधी ही शीर म्हणजे नेमकं काय ते बघू. कातडीच्या वरच्या थरात अतिशय बारीक रक्तवाहिन्या सगळ्यांनाच असतात, इतक्या बारीक की डोळ्यांना दिसत नाहीत. त्यातल्या काही कायमच्या ताणल्या गेल्या, रुंद झाल्या, की त्या लाल किंवा जांभळ्या रेघेसारख्या दिसायला लागतात. जाडी १ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती स्पायडर व्हेन, डॉक्टरांच्या भाषेत टेलँजिएक्टेशिया. १ ते ३ मिलिमीटरच्या, जरा खोल आणि निळसर-हिरव्या दिसणाऱ्या असतात त्या रेटिक्युलर व्हेन्स, हे नाव लक्षात ठेवा कारण पुढे ते महत्त्वाचं आहे. ३ मिलिमीटर आणि त्याच्या पुढच्या, उभं राहिलं की वर उठून दिसणाऱ्या, वेड्यावाकड्या दोरीसारख्या, त्या व्हेरिकोज व्हेन्स. शिरांच्या आजाराला डॉक्टर सी-० ते सी-६ अशा पायऱ्या लावतात, त्यात स्पायडर आणि रेटिक्युलर दोन्ही सी-१ मधे येतात, व्हेरिकोज सी-२, पायाला सूज सी-३, कातडी काळपट किंवा कडक होणं सी-४, आणि सी-५ व सी-६ म्हणजे घोट्याजवळची जखम, आधी बरी झालेली किंवा अजून उघडी असलेली. या पायऱ्या म्हणजे चढत जायचा जिना नाही. सी-१ वाले कितीतरी लोक आयुष्यभर सी-१ वरच असतात, त्यामुळे दोन निळ्या रेषा दिसल्या म्हणून घाबरून जायचं अजिबात कारण नाही.

पायातलं रक्त वर हृदयाकडे जायचं तर ते गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध जातं. पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलाला शिरा दाबून रक्त वर ढकलतात, आणि शिरांच्या आत एका दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात त्या रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. झडप ढिली झाली की रक्त खाली घसरतं, तिथे दाब वाढतो, आणि तो दाब शेवटी कातडीजवळच्या बारीक फांद्यांवर येतो. घरात आईला, आजीला असेल तर आपल्यालाही होण्याची शक्यता बरीच वाढते, बायकांमधे हार्मोन्समुळे जास्त दिसतं, गरोदरपणात तर एकदम उमटतात, शिवाय तासन्‌तास उभं राहायचं काम, वाढलेलं वजन, वय, कधी जुना मार लागलेली जागा, ही सगळी कारणं आहेत. पायावर पाय टाकून बसल्याने होतं हे मात्र सगळीकडे ऐकायला मिळतं आणि त्याला धड पुरावा नाही.

चेहऱ्यावर ही दाबाची भानगडच नाही, कारण चेहरा हृदयाच्या वर आहे आणि तिथलं रक्त सहज खाली येतं. तिथे बिघडतो तो शिरेभोवतीचा आधार. वर्षानुवर्षांच्या उन्हाने कातडीतलं कोलॅजन झिजतं, मग बारीक वाहिनीला धरून ठेवणारं काही उरत नाही आणि ती पसरते, म्हणून नाक आणि गाल इथेच जास्त दिसतं. दुसरं मोठं कारण रोझेशिया, म्हणजे चेहरा सारखा लाल होणं, गरम वाटणं, त्यावर पुरळ येणं. आणि तिसरं कारण मला फार कळकळीने सांगायचंय, ते म्हणजे चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावलेली स्टिरॉईडची क्रीम. गोरेपणासाठी, पिंपल्ससाठी, डागांसाठी कुणीतरी सुचवलेली ट्यूब लोक लावत राहतात, सुरुवातीला चेहरा छान उजळतो, आणि मग कातडी पातळ होऊन लाल धागे दिसायला लागतात. अशा चेहऱ्यावर लेझर मारण्याआधी ती क्रीम बंद व्हायला हवी, आणि तीही त्वचेच्या डॉक्टरांना विचारून, कारण एकदम सोडली तर चेहरा भडकून उठतो.

आता पायांचा इलाज. चांगला डॉक्टर दिसणाऱ्या जाळ्याकडे बघण्याआधी त्या जाळ्याला रक्त कुठून येतंय ते शोधतो. मघाशी सांगितलेली रेटिक्युलर व्हेन बऱ्याचदा जाळ्याच्या बुडाशी लपलेली असते आणि तीच त्याला दाबाने रक्त पुरवत असते, तिला फीडर म्हणतात. कातडीवर एक खास दिवा धरला की ती सावलीसारखी दिसते. फीडर तशीच ठेवून फक्त वरचं जाळं बुजवलं तर ते परत येतं किंवा शेजारी नवीन उगवतं, नळ चालू ठेवून फरशी पुसण्यासारखं आहे ते. सगळ्यांनाच सोनोग्राफी लागते असं नाही, पण पाय जड वाटतो, संध्याकाळी सुजतो, रात्री पोटरीत गोळे येतात, उठलेल्या दोरीसारख्या शिरा आहेत, घोट्याच्या आतल्या बाजूला पंख्यासारखं जाळं पसरलंय, तिथली कातडी काळपट झालीय किंवा आधी कधी पायात रक्ताची गाठ झाली होती, यातलं काहीही असेल तर आधी शिरांची डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी, तीही शक्यतो उभं राहून. आत मोठ्या शिरेची झडप बिघडलेली निघाली तर आधी तिचा इलाज, मग वरच्या जाळ्याचा. हा क्रम उलटा झाला की पैसे आणि महिने दोन्ही वाया जातात.

पायासाठी पहिली पसंती आहे स्क्लेरोथेरपी. नाव अवघड आहे पण काम सोपं आहे, केसासारख्या बारीक सुईने, साधारण ३० गेजच्या, शिरेच्या आत एक औषध सोडतात. हे औषध शिरेच्या आतल्या अस्तराला इजा करतं, अस्तर सुजतं, भिंती एकमेकींना चिकटतात, शीर बंद होते आणि पुढच्या काही आठवड्यात शरीर तिला हळूहळू जिरवून टाकतं. रक्ताचं काय होणार असा प्रश्न हमखास येतो, तर ते शेजारच्या चांगल्या शिरांमधून जातं, या बारीक फांद्या बंद झाल्याने रक्ताभिसरणाला काही धक्का लागत नाही.

औषधं दोन-चार प्रकारची आहेत. सगळ्यात जास्त वापरात पॉलिडोकॅनॉल, हे खरंतर जागा बधिर करायचं औषध म्हणून बनवलं होतं आणि म्हणूनच ते टोचताना फारसं दुखत नाही. स्पायडर व्हेन्ससाठी ते साधारण ०.५ टक्के आणि रेटिक्युलरसाठी १ टक्का असं घेतात. अमेरिकेत त्याला २०१० मधे मान्यता मिळाली. दुसरं सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, जे त्याहून खूप जुनं, १९४६ पासूनचं, आणि जास्त जोरकस, म्हणून बारीक शिरांना ते बरंच पातळ करून देतात. तिसरं म्हणजे तीव्र मिठाचं पाणी, त्याची ॲलर्जी होत नाही हा फायदा, पण आग होते, पाय आखडतो, आणि शिरेबाहेर गेलं तर जखम होऊ शकते. काही ठिकाणी अगदी बारीक लाल शिरांना ग्लिसरीनही वापरतात. औषधाला हवेसोबत घुसळून फेस करूनही देतात, फेस शिरेतलं रक्त पुढे ढकलतो आणि औषध भिंतीला नीट लागतं, पण तो जाड शिरांसाठी, बारीक जाळ्याला पातळ औषधच बरं. फेसाने काहींना थोडा वेळ डोळ्यांपुढे चमकतं किंवा डोकं दुखतं, त्यामुळे मायग्रेनचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं.

एका बैठकीला साधारण अर्धा-पाऊण तास लागतो, बऱ्याच वेळा टोचतात, मुंगी चावल्यासारखं वाटतं, आणि झालं की लगेच उठून चालायला लावतात. डॉक्टर सांगतील तितके दिवस दाबाचे मोजे घालायचे, सहसा काही दिवस ते दोन-तीन आठवडे. चालणं चालू ठेवायचं, पण वाफ घेणं, खूप गरम पाण्यात बसणं, जिममधे वजनं उचलणं हे थोडे दिवस बंद. पायावर ऊन पडू द्यायचं नाही. लांबचा विमानप्रवास ठरलेला असेल तर तेही आधीच सांगा.

आणि आता ती गोष्ट जी आधी न सांगितल्यामुळे लोक सगळ्यात जास्त नाराज होतात. इंजेक्शननंतरचे पहिले काही आठवडे पाय आधीपेक्षा वाईट दिसतो. निळे डाग, लालसर गांधी, मधेच शिरेत अडकलेल्या रक्ताची छोटी कडक गाठ, हे सगळं होतं आणि बहुतेक ते अपेक्षितच असतं. अडकलेलं रक्त डॉक्टर सुईने टोचून काढू शकतात, काढलं तर पुढे डाग कमी पडतो, म्हणून गाठ लागली तर लाजून घरी बसू नका. स्पायडर व्हेन्सचा फरक साधारण ३ ते ६ आठवड्यांत दिसतो, जाडसर शिरांना ३-४ महिने लागतात, आणि एका बैठकीत सगळं जात नाही, दोन ते चार बैठका आणि मधे काही आठवड्यांची गॅप असं धरून चालायचं. दहा जणांमधे एक ते तीन जणांना शिरेच्या जागी तपकिरी रेघ उमटते, ती म्हणजे रक्तातलं लोह कातडीत साठलेलं असतं, ती बहुतेकांची ६ ते १२ महिन्यांत फिकट होते, थोड्यांची जास्त काळ राहते. काहींना त्याच जागी अतिशय बारीक लाल शिरांचा पुंजका येतो, त्याला मॅटिंग म्हणतात, तो बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप जातो.

खरी काळजी करायची ती याची: टोचलेली जागा पांढरी पडून नंतर काळी व्हायला लागणं, एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, श्वास लागणं. हे क्वचित होतं, पण झालं तर उद्यावर टाकायचं नाही. गरोदरपणात हा इलाज करत नाहीत, आणि त्याची गरजही नसते कारण बाळंतपणानंतर काही महिन्यांत कितीतरी शिरा आपोआप कमी होतात. अंगावर पाजत असाल तरी सहसा थांबायलाच सांगतात. आणि ज्याला चालता येत नाही, सध्या पायात रक्ताची गाठ आहे किंवा त्या औषधाची आधीच ॲलर्जी आहे, त्यालाही करत नाहीत.

मग पायाला लेझर का नाही? नाही असं नाही, पण दुसऱ्या नंबरला. त्यासाठी लेझर कसं काम करतं ते बघावं लागेल आणि मला हा भाग सगळ्यात सुंदर वाटतो. १९८३ मधे रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकन संशोधकांनी मांडलं की प्रकाशाची तरंगलांबी (म्हणजे ढोबळमानाने प्रकाशाचा रंग) अशी निवडायची की तुम्हाला हवी तीच गोष्ट त्याला जास्त शोषेल, आणि तो इतका थोडाच वेळ द्यायचा की उष्णता आजूबाजूला पसरायच्या आत थांबेल. शिरांच्या बाबतीत ती गोष्ट म्हणजे रक्तातलं लाल हिमोग्लोबिन. प्रकाश कातडीतून आत जातो, रक्त तापतं, त्या उष्णतेने शिरेची भिंत आतून भाजते आणि शीर बंद होते, वरची कातडी मात्र शाबूत. अडचण एकच, कातडीचा रंग ज्याने येतो ते मेलॅनिनही प्रकाश शोषतं. म्हणजे सावळ्या किंवा उन्हाने रापलेल्या कातडीत बराचसा प्रकाश वरच अडकतो, शीर राहते बाजूला आणि कातडी भाजते, मग काळा नाहीतर पांढरा डाग.

म्हणून तरंगलांबी कोणती हा प्रश्न मशीनच्या नावापेक्षा महत्त्वाचा आहे. ५३२ नॅनोमीटरचं केटीपी लेझर वरवरच्या लाल धाग्यांना फार छान, पण मेलॅनिनही त्याला भरपूर शोषतं. ५९५ च्या आसपासचं पल्स्ड डाय लेझर लाल रंगावर जोरदार. १०६४ चं एनडी याग सगळ्यात खोल जातं आणि मेलॅनिन त्याला कमी शोषतं, त्यामुळे सावळ्या कातडीसाठी आणि निळ्या, खोल शिरांसाठी तेच त्यातल्या त्यात सुरक्षित. पण हिमोग्लोबिनही त्याला कमी शोषतं, म्हणून ताकद जास्त लावावी लागते, म्हणून ते दुखतं आणि चालवणाऱ्याचा हात चुकला तर खोल भाजतं.

आता पायाची शीर डोळ्यासमोर आणा. ती चेहऱ्याच्या शिरेपेक्षा खोल, भिंत जाड, आत दाब जास्त, आणि बुडाशी फीडर. वरून प्रकाश मारून या सगळ्याला पुरं पडणं अवघड आहे, सुई मात्र थेट आत जाते आणि औषध जाळ्यात पसरतं. त्यामुळे पायावर लेझर ठेवायचं ते सुई जाणारच नाही इतक्या बारीक शिरांसाठी, इंजेक्शननंतर आलेल्या मॅटिंगसाठी, औषधाची ॲलर्जी असणाऱ्यांसाठी, किंवा सुईची खरोखर दहशत असणाऱ्यांसाठी. त्यांनीही फीडरचा प्रश्न विचारायचाच.

चेहऱ्यावर सगळं उलटं होतं. शिरा वरवरच्या, बारीक, दाब कमी, भिंत पातळ, म्हणजे प्रकाशाला अगदी सोपं सावज, एक ते तीन बैठकांत बहुतेक धागे जातात. नाकाजवळचे सुटे लाल धागे असतील तर केटीपी किंवा एनडी याग, डॉक्टर एकेका शिरेवर प्रकाश फिरवतात आणि कधीकधी ती तिथेच नाहीशी होताना दिसते. गालांवर पसरलेली लाली असेल तर पल्स्ड डाय लेझर किंवा आयपीएल. पल्स्ड डायने जोरात मारलं तर जांभळे डाग पडतात आणि ते आठवडा-दोन आठवडे राहतात, त्यामुळे घरात लग्न किंवा कसला कार्यक्रम असेल तर तारीख बघून करा, हल्ली कमी ताकदीने डाग न पडता पण जास्त बैठकांत करायचीही पद्धत आहे. आयपीएल म्हणजे लेझर नव्हेच, तो साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा मिसळीचा प्रकाश असतो आणि फिल्टर लावून हवा तेवढा भाग वापरतात, मोठ्या भागातल्या लालीला चांगला, पण सावळ्या किंवा नुकत्याच रापलेल्या कातडीवर त्याने चौकोनी पट्टे उमटलेले लोक आहेत, म्हणून तिथे फार जपून. डोळ्यांवर संरक्षण हवंच हवं, चेहऱ्याचं लेझर आणि डोळे उघडे असं कुठे दिसलं तर सरळ उठून यायचं, हे प्रकाश डोळ्याचं कायमचं नुकसान करू शकतात.

आणि चेहऱ्याला सुई का नको, तर चेहऱ्यावरच्या शिरा आणि धमन्यांचे डोळ्याभोवतीच्या वाहिन्यांशी संबंध आहेत, औषध नको तिथे गेलं तर कातडी मरण्यापासून दृष्टी जाण्यापर्यंत धोका असतो. लेझरसारखा चांगला पर्याय हाताशी असताना तो धोका घ्यायचं कारण नाही. दोन-चारच सुटे धागे असतील तर अगदी बारीक सुईतून वीज देऊन ते जाळण्याची पद्धतही आहे, स्वस्त आहे, पण जास्त जाळलं तर ठिपक्यासारखा व्रण राहतो.

चेहऱ्यावर उमटणारी प्रत्येक लाल खूण साधी नसते हेही बघून घ्या. मधे लाल ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या फुटलेल्या रेषा, दाबलं की नाहीशी आणि सोडलं की मधल्या ठिपक्यातून परत भरणारी, ही स्पायडर अँजिओमा. एखाद-दुसरी मुलांमधे किंवा गरोदरपणात दिसते, त्यात काही नाही, पण मोठ्या माणसाच्या छातीवर, मानेवर अशा बऱ्याच आल्या तर लिव्हरची तपासणी करावी. ओठांवर, जिभेवर लाल ठिपके आणि वारंवार नाकातून रक्त, घरातल्या अजून कुणालाही तसंच, तर तो रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार असू शकतो. गारठ्यात बोटं पांढरी-निळी पडणं आणि चेहऱ्यावर चपटे लाल ठिपके, हेही डॉक्टरांना सांगायचं. अशा वेळी आधी ब्युटी क्लिनिक नको, आधी डॉक्टर.

क्रीमबद्दल लोक फार विचारतात. कुठल्याही क्रीमने, तेलाने किंवा मसाजने आधीच रुंद झालेली शीर बंद होत नाही. रोझेशियात काही जेल लावून चेहऱ्याची लाली काही तासांपुरती कमी होते, पण सुटे धागे तसेच राहतात. दाबाच्या मोज्यांनीही दिसणाऱ्या रेषा जात नाहीत, पाय जड वाटणं आणि सूज मात्र खरंच कमी होते, आणि उभ्याच्या कामात त्यांचा आधार मोठा आहे. ज्यांच्या पायातल्या धमन्यांमधेच रक्त कमी येतं त्यांनी मात्र ते न विचारता घालू नयेत.

जाण्याआधी डॉक्टरांना तुमच्या सगळ्या गोळ्या सांगा, रक्त पातळ करायच्या, लोहाच्या, हार्मोन्सच्या, पिंपल्ससाठी घेतलेल्या आयसोट्रेटिनोइनच्या. ओठावर ताप उतरल्यासारखे फोड वारंवार येत असतील तर लेझरआधी सांगा, कारण ते उफाळू शकतात. आणि हे प्रश्न विचारा, माझ्या जाळ्याला फीडर आहे का, तुम्ही कोणतं औषध किती टक्के देणार, लेझर असेल तर कोणती तरंगलांबी आणि माझ्या रंगाच्या कातडीवर तुम्ही ते आधी केलंय का, एका कोपऱ्यात टेस्ट करून दाखवाल का, आणि एका बैठकीचा नाही तर सगळ्या बैठकांचा मिळून खर्च किती. या प्रश्नांनी जो चिडतो त्याच्याकडे करून घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बंद झालेली शीर सहसा परत उघडत नाही, पण तुमची शिरा फुगायची प्रवृत्ती काही जात नाही, त्यामुळे वर्षा-दोन वर्षांनी दुसरीकडे नवीन येऊ शकतात आणि तेव्हा लोक म्हणतात इलाज फसला. म्हणून पहिल्या बैठकीच्या आधी त्याच खिडकीच्या उजेडात, त्याच अंतरावरून पायाचे आणि चेहऱ्याचे फोटो काढून ठेवा आणि ३ महिन्यांनी तसेच पुन्हा काढून शेजारी ठेवून बघा. नवीन जागी आलं असेल तर ती नवीन शीर आहे, आणि पायावर अगदी त्याच जागी, त्याच आकाराचं जाळं परत दिसत असेल तर तिसऱ्यांदा तिथेच टोचून घेण्याआधी फोटो दाखवून डॉक्टरांना म्हणा, खालची फीडर आधी बघा.